जठराचा पट्टा आणि त्याचें माप

कासाराच्या दुकानीं बांगड्या भरावयास गेलेल्या बाईला कासार तिचें वजन कधींच विचारीत नाहीं. तो हात हातीं घेतो, अंगठ्याच्या बुडाशीं दाबून पाहतो, हाड रुंद आहे कीं हात मऊ आहे याचा अंदाज घेतो, आणि मगच योग्य तें माप काढतो. अंगानें स्थूल असलेल्या बाईच्या हातांत कधीं कधीं लहान बांगडी सुखानें चढते आणि किडकिडीत बाईला मोठें माप लागतें. वजन उतरविण्यासाठीं जठराभोंवतीं जो पट्टा बसवितात, त्याच्या मापाचा विचार करतांना श्रोत्यांनीं हा कासार डोळ्यांपुढें ठेवला, तर पुष्कळसा घोटाळा टळेल.

या शस्त्रक्रियेचा विचार घरांत निघाला म्हणजे दोन समज हटकून पुढें येतात. पहिला असा कीं, पट्टा जितका लहान तितकें वजन लवकर उतरेल. दुसरा असा कीं, माणसाचें वजन जितकें अधिक तितका पट्टा मोठा लागेल. पहिला समज सर्वस्वीं चुकीचा व अपायकारक आहे; दुसरा अर्धवट खरा आहे, म्हणून अधिक फसवा आहे. ही वस्तु शरीरांत वर्षानुवर्षें राहावयाची असते. तिच्याविषयींची चूक कापडाच्या चुकीसारखी उसवून पुन्हां शिवतां येत नाहीं.

प्रथम हा पट्टा म्हणजे काय तें पाहिलें पाहिजे. जठर ही एक वांकडी पिशवी आहे, आणि अन्ननलिका छातींतून उतरून तिच्या वरच्या टोंकास मिळते. या मिळणीच्या किंचित् खालीं सिलिकोन नांवाच्या मऊ पदार्थाचें एक कडें जठराभोंवतीं बसवितात. यासच डॉक्टर लोक गॅस्ट्रिक बँड म्हणतात. कड्याच्या वर जठराचा जो लहानसा कप्पा राहतो, तो सुमारें १५ मिलिलिटरचा, म्हणजे चहाच्या तीन चमच्यांएवढा असतो. कड्याच्या आंतल्या अंगास एक पोकळ फुगा असून त्यापासून निघालेली बारीक नळी पोटाच्या कातडीखालीं बसविलेल्या एका लहान डबीस जोडलेली असते. डॉक्टर बाहेरून या डबींत सुई टोंचून निर्जंतुक केलेलें मिठाचें पाणी भरतात किंवा काढून घेतात. पाणी भरलें कीं कडें आवळतें, काढलें कीं सैल होतें. यांत जठराचा कोणताहि भाग कापून टाकीत नाहींत कीं आंतड्याची वाट बदलीत नाहींत.

पाण्यानें आवळण्याची ही युक्ति एकदम सुचलेली नाहीं. अमेरिकेंत विल्किन्सन व पेलोसो या शस्त्रवैद्यांनीं १९७८ सालीं जठराभोंवतीं कृत्रिम जाळीची पट्टी बसविण्याचा प्रयोग केला. परंतु तिचा घेर एकदां ठरला कीं कायमचा ठरला. कोणास ती सैल पडे, कोणास घट्ट होई, आणि दुरुस्त करावयाची तर पोट पुन्हां उघडावें लागे. ही अडचण ओळखून युक्रेनी वंशाचे व अमेरिकेंत स्थायिक झालेले डॉ. लुबोमिर कुझमाक यांनीं १९८६ सालीं फुगा असलेला पट्टा पुढें आणला. त्याच सुमारास स्वीडनमध्येंहि हॅलबर्ग व फोर्सेल यांनीं तसाच पट्टा तयार केला. पुढें इथिओपियांत जन्मलेले डॉ. मितिकु बेलाच्यू यांनीं १ सप्टेंबर १९९३ रोजीं बेल्जममध्यें मोठा छेद न घेतां, दुर्बिणीच्या साह्यानें असा पट्टा प्रथम बसविला. अमेरिकेच्या सरकारी औषध खात्यानें २००१ सालीं त्यास मान्यता दिली.

आतां कोणीहि चौकस श्रोता असें विचारील कीं, पट्टा पाण्यानें हवा तसा लहानमोठा करतां येतो, तर मापाची चिकित्सा कशाला? या प्रश्नाच्या उत्तरांतच सगळें मर्म आहे. फुगा पट्ट्याला केवळ आवळूं शकतो. मुळांतल्या घेराहून अधिक सैल करूं शकत नाहीं. फुग्यांत पाण्याचा थेंबहि नसतांना जो घेर असतो, तोच त्या पट्ट्याचा सर्वांत सैल घेर होय. मूळ पट्टाच घट्ट बसला, तर डॉक्टरापाशीं काढून घेण्याजोगें कांहीं उरत नाहीं. उरते ती दुसरी शस्त्रक्रिया. उलट पट्टा थोडा मोठा निघाला तर पाणी थोडें अधिक भरून काम भागतें. याचा अर्थ मोठा तेवढा चांगला असा मात्र नव्हे. फारच मोठा पट्टा फुगा पुरता भरूनहि सैलच राहतो, आणि रोग्याची भूक होती तशीच राहते.

पहिल्या काळांतील जे पट्टे विशेष प्रचारांत होते, त्यांचीं मापें आंतल्या घेरावरून सांगत: एक ९·७५ सेंटिमीटरचा व दुसरा १० सेंटिमीटरचा. त्यांच्या फुग्यांत ४ मिलिलिटर एवढेंच पाणी मावे. त्या वेळीं शस्त्रवैद्य पट्टा जठराच्या अगदीं भिंतीलगत ओंवीत असत. या रीतींत जठराचा भाग पट्ट्याखालून वर सरकण्याचा दोष वारंवार दिसून आला. म्हणून पुढें भिंतीपासून थोडें दूर, जठराशेजारच्या पातळ पडद्यांतून पट्टा ओंवण्याची रीत रूढ झाली. पट्टा त्यामुळें जागीं राहूं लागला; परंतु जठराबरोबर भोंवतालची चरबीहि कड्याच्या आंत येऊं लागली, आणि जुनीं मापें अपुरीं पडूं लागलीं. मग ११ सेंटिमीटरचा पट्टा आला, आणि त्यानंतर ए. पी. नांवाचा पट्टा दोन मापांत निघाला. त्यांपैकीं स्टँडर्ड मापांत १० मिलिलिटर व लार्ज मापांत १४ मिलिलिटरपर्यंत पाणी भरतां येई. कांहीं कारखान्यांनीं मात्र एकच माप काढून बाकीचा सर्व भार पाण्यावर सोंपविला.

दोन मापांतून एक निवडावयाचें तें कशावरून? तर कड्याच्या आंत जें जें येणार आहे त्याच्या जाडीवरून. म्हणजे जठराच्या भिंतीची जाडी आणि त्या ठिकाणची चरबी. ही चरबी कातडीखालीं हाताला लागणारी चरबी नव्हे. ती पोटाच्या आंत, अवयवांभोंवतीं सांठलेली असते. पुरुषांच्या पोटांत ती सामान्यतः स्त्रियांपेक्षां अधिक असते. म्हणून सारख्याच वजनाच्या भाऊबहिणींपैकीं भावास मोठा पट्टा व बहिणीस लहान पट्टा लागणें अगदीं शक्य आहे. पूर्वीं जठरावर दुसरी शस्त्रक्रिया झालेली असली तरीहि मोठें माप घेण्याकडे कल असतो.

नुसत्या वजनाच्या आंकड्यावर विसंबतां येत नाहीं, याचें एक उत्तम उदाहरण पुण्याचें आहे. वजनाचा उंचीशीं मेळ घालून जो आंकडा काढतात त्यास बी. एम. आय. म्हणतात. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा हा आंकडा अगदीं सारखा, म्हणजे २२·३ होता. परंतु शरीरांतील चरबी मोजली तेव्हां युडकिन यांची शेंकडा ९·१ तर याज्ञिक यांची शेंकडा २१·२ भरली. २००४ सालीं हें दोघांनीं छायाचित्रासह प्रसिद्ध केलें. भारतीय मनुष्य दिसावयास बारीक असूनहि आंतून मेदस्वी असूं शकतो, हा त्याचा अर्थ. शस्त्रक्रियेचा विचार करण्याची मर्यादा आशियांतील लोकांकरितां कमी आंकड्यावर धरतात, त्याचें कारणहि हेंच. तेव्हां घरच्या वजनकांट्यावरून पट्ट्याचें माप ठरविणें हें चपलेच्या मापावरून टोपी घेण्यासारखें आहे.

खरें माप शस्त्रक्रियेच्या वेळीं प्रत्यक्ष पाहूनच ठरतें. कड्याचें तोंड मिटल्यावर तें जठराभोंवतीं मोकळेपणीं फिरतें कीं रुतून बसतें हें शस्त्रवैद्य पाहतो. रुतत असेल तर तेथील चरबी थोडी काढून टाकतो, नाहीं तर मोठा पट्टा घेतो. शस्त्रक्रियेपूर्वीं सुमारें दोन आठवडे रोग्यास अगदीं अल्प आहारावर ठेवतात तें यासाठींच. त्यामुळें यकृत लहान होतें, आंतली चरबी उतरते, आणि शस्त्रवैद्यास काम करण्यास जागा मिळते. जो रोगी या पंधरवड्यांत चोरून जेवतो तो डॉक्टरास नव्हे, स्वतःस फसवितो.

पट्टा घट्ट झाला तर काय होतें? शस्त्रक्रियेनंतर त्या जागीं सूज येते, आणि आधींच तंग असलेल्या कड्यांतून पाणीसुद्धां उतरत नाहीं. पुढेंहि दाब राहिला तर वरचा कप्पा ताणून मोठा होतो, अन्ननलिका फुगते, रात्रीं आंबट पाणी घशाशीं येऊन खोकला लागतो. कांहीं रोग्यांच्या बाबतींत पट्टा कालांतरानें जठराची भिंत झिजवून आंत शिरतो, आणि मग तो काढण्यावांचून गत्यंतर नसतें.

याहून नवलाची गोष्ट अशी कीं, घट्ट पट्ट्यानें वजनहि उतरत नाहीं. भाकरी, उसळ, कोशिंबीर घशाखालीं उतरेनाशी झाली म्हणजे मनुष्य नकळत बासुंदी, श्रीखंड, आइस्क्रीम अशा मऊ व गोड पदार्थांकडे वळतो. ते कड्यांतून विनातक्रार घसरतात, आणि वजन पूर्वपदावर येतें. ऑस्ट्रेलियांतील मेलबर्नचे शस्त्रवैद्य पॉल ओब्रायन व त्यांचे सहकारी यांनीं म्हणूनच असें प्रतिपादिलें आहे कीं, पट्ट्याचें काम अन्न अडविण्याचें नाहीं. जठराच्या वरच्या भागावर हलका दाब ठेवून थोड्या घांसांत तृप्तीची जाणीव करून देण्याचें आहे. पट्टा बसवितांना फुगा बहुधा रिकामा ठेवतात. पहिलें पाणी चारसहा आठवड्यांनीं भरतात आणि पुढें थोडें थोडें वाढवितात. भूक लवकर लागते तोंवर पट्टा सैल. उलटी होते, घांस अडकतो, तर तो घट्ट. दोहोंच्या मधला जो टापू त्यास ते हिरवा टापू म्हणतात. तेथें आठवड्यास अर्धा ते एक किलो वजन उतरलें कीं पुरे. बाई गरोदर राहिली तर पाणी काढून पट्टा सैल करतां येतो, हा या युक्तीचा मोठा गुण होय.

आतां या पट्ट्यानें एकंदरींत काय साधलें तेंहि सांगितलें पाहिजे. मेलबर्न येथें नुकताच मधुमेह जडलेल्या ६० स्थूल रोग्यांवर केलेल्या व २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, दोन वर्षांनीं पट्टा बसविलेल्यांपैकीं शेंकडा ७३ जणांचा मधुमेह ओसरला होता. केवळ आहार व औषधें यांवर असलेल्यांत हें प्रमाण शेंकडा १३ होतें. परंतु नाण्याची दुसरी बाजूहि आहे. अमेरिकेंतील सरकारी विम्याखालच्या २५ हजारांवर रोग्यांची पाहणी २०१७ सालीं प्रसिद्ध झाली. तींत सरासरी साडेचार वर्षांच्या आंत शेंकडा १८·५ जणांना पुन्हां शस्त्रक्रिया करावी लागल्याचें दिसून आलें. अमेरिकेंत २०११ सालीं वजन उतरविण्याच्या शंभर शस्त्रक्रियांपैकीं सुमारें ३५ पट्ट्याच्या होत्या. २०१८ सालीं जेमतेम एक उरली. जठराचा मोठा भाग कापून त्याची नळी करण्याच्या शस्त्रक्रियेनें त्याची जागा घेतली.

तेव्हां ज्या घरीं हा विचार चालला असेल, त्यांनीं डॉक्टरांस कोणत्या मापाचा पट्टा बसविणार, हा प्रश्न प्रथम विचारूं नये. पट्टा आपल्या माणसास योग्य आहे कीं दुसरा उपाय बरा, हें आधीं विचारावें. पट्टाच ठरला तर पुढें वर्षानुवर्षें पाणी भरण्याकाढण्याचें काम कोण करणार, तो किती जवळ आहे, आणि उलट्या थांबेनाशा झाल्या तर रात्रींअपरात्रीं कोण भेटेल, हें विचारावें. दूर देशीं जाऊन स्वस्तांत पट्टा बसवून यावें आणि घरीं परतल्यावर सुई टोंचणारा जाणता मनुष्य मिळूं नये, यासारखी दुसरी अडचण नाहीं. मापाचा निर्णय मात्र निःशंकपणें शस्त्रवैद्याच्या हातावर सोडावा, आणि लहान पट्ट्याचा हट्ट धरूं नये. घाईनें चढविलेली तंग बांगडी फुटते तेव्हां ती हातालाच इजा करते. तंग पट्टा तर फुटतहि नाहीं, तो आंतल्या आंत रुतत राहतो.