ओझरहून सरळ दक्षिणेला

नकाशाची वही काढा बरं. फूटपट्टीही घ्या. नाशिकचा विमानतळ शहरात नाही, वीसेक किलोमीटरवरच्या ओझरला आहे. तिथे बोट ठेवा. आता पुण्याच्या लोहगाव विमानतळावर दुसरं बोट ठेवा आणि दोन्ही बोटांमध्ये रेघ मारा.

रेघ कशी आली? उभी! अगदी ताठ. ओझरचा रेखांश 73.91 आणि लोहगावचा 73.92. म्हणजे लोहगाव ओझरच्या जवळजवळ नेमकं दक्षिणेला. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी नकाशा तीनदा तपासला होता.

उभ्या रेघेची गंमत म्हणजे तिचं अंतर वजाबाकीने निघतं. ओझरचा अक्षांश 20.12, लोहगावचा 18.58. फरक 1.54. एक अंश अक्षांश म्हणजे जमिनीवर साधारण 111 किलोमीटर. करा गुणाकार. सुमारे 171 किलोमीटर! सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, चाकण असा आपला रस्ता मात्र 210 किलोमीटरच्या घरात जातो. संगमनेर गाठायला तो रेघ सोडून तीसेक किलोमीटर पूर्वेला वळतो ना!

या रेघेखाली काय काय येतं माहितीये? गोदावरी, मग दारणा, प्रवरा, मुळा. सगळ्या सह्याद्रीतून निघून पूर्वेकडे धावणाऱ्या, म्हणून आपली रेघ एकेकीला शिडीच्या पायऱ्यांसारखी ओलांडत जाते. मुळेनंतर हरिश्चंद्रगडाची डोंगररांग लागते. ती ओलांडली की पाण्याचं घरच बदलतं. अलीकडचं पाणी गोदावरीला मिळतं, पलीकडचं भीमेतून कृष्णेला! पुढे कुकडी, उजव्या हाताला शिवनेरी, मग घोड, भीमा, आळंदीची इंद्रायणी. आणि आलंच लोहगाव.

'उडान' योजनेत या मार्गावर छोटी विमानं उडालेलीही आहेत. पंखे फिरवत जाणारं एटीआर-72 विमान तासाला साधारण 500 किलोमीटर वेगाने जातं. मग 171 किलोमीटरला वीस-एकवीस मिनिटं पुरायला हवीत. पण वेळापत्रकात त्याच्या दुपटीहून जास्त वेळ धरावा लागतो. कुठे जातो हा वेळ?

धावपट्ट्या बघा. ओझरची पूर्व-पश्चिम. लोहगावचीही जवळपास तशीच. जायचंय दक्षिणेला आणि तोंड भलतीकडेच! वारा पडला की आपण पतंग घेऊन धावतो, म्हणजे समोरून वारा मिळतो. विमानाच्या पंखांनाही समोरूनच हवा लागते. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून येतो, तेव्हा विमान पश्चिमेकडे तोंड करून धावतं, उडतं आणि मग दक्षिणेला वळतं. लोहगावला उतरताना पुन्हा वळण घेऊन धावपट्टीसमोर यायचं. शिवाय चढताना आणि उतरताना वेग कमीच असतो. लोहगाव तर हवाई दलाचा तळ, तिथे लढाऊ विमानांचीही ये-जा. कधी आकाशात रांग लावावी लागते.

आणि प्रवासाचं घड्याळ विमान हवेत गेल्यावर सुरू होत नाही. ओझरला उभ्या विमानाच्या चाकांना ठोकळे लावलेले असतात. ते काढून विमान हललं की वेळ मोजायला सुरुवात. लोहगावला ते जागेवर उभं राहिलं, चाकांना पुन्हा ठोकळे लागले, की घड्याळ थांबलं!