प्रेशर सेन्सर बदलण्याआधी

इंजिनात हवेचा, ऑइलचा आणि डिझेलचा दाब किती आहे हे ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, कळवणे, हे प्रेशर सेन्सरचे काम. दाब पडला की सेन्सरमधला पातळ पडदा किंचित वाकतो आणि बाहेर जाणारे व्होल्टेज बदलते. बहुतेक सेन्सरना तीन वायरी असतात. एकीतून ५ व्होल्ट येतात, दुसरी अर्थची आणि तिसरीतून साधारण ०.५ ते ४.५ व्होल्टचा सिग्नल परत जातो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यावर डिझेल गाड्यांत काजळीच्या फिल्टरचा दाब पाहणारा सेन्सरही सर्रास दिसू लागला.

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्याला एकमेकांना छेदतात. रावेर-सावद्याची केळी याच भागातून ट्रकने बाहेर जातात. माल भरलेली गाडी लळिंग घाटात पिकअप घेईना, काळा धूर सोडू लागली, की स्कॅनर लावला जातो. त्यावर पी०१०६ ते पी०१०८ यांपैकी कोड आला की ‘सेन्सर गेला’ म्हणून नवा बसवण्याची घाई होते. ही घाई महागात पडते. कोडचा अर्थ एवढाच, की ईसीयूला मिळालेला हवेच्या दाबाचा आकडा पटलेला नाही. त्यामागे फाटलेला टर्बोचा होज, काजळीने बुजलेले छिद्र, उंदराने कुरतडलेली वायर किंवा पाणी शिरलेला कपलर असू शकतो.

पहिली तपासणी फुकटात होते. इंजिन बंद ठेवून फक्त चावी ऑन करायची आणि स्कॅनरवर इनटेकच्या दाबाचा आकडा वाचायचा. इंजिन फिरत नसल्याने तिथे बाहेरच्या हवेचाच दाब दिसला पाहिजे. समुद्रसपाटीला तो सुमारे १०१ किलोपास्कल असतो. दोन-अडीचशे मीटर उंचीवरच्या जळगाव-धुळ्यात तो ९८च्या आसपास येतो. हजार मीटरहून उंच तोरणमाळला तीच गाडी नेली तर आकडा नव्वदच्या खाली जातो, आणि तो तसा गेलाच पाहिजे. जळगावात उभ्या गाडीचा सेन्सर ७० किंवा १२० दाखवत असेल, तर दोष सेन्सरमध्ये किंवा वायरिंगमध्ये आहे. आकडा बरोबर आहे, पण चढावर टर्बोचा दाब वाढत नाही, तर सेन्सर खरे सांगतो आहे. मग होज, इंटरकूलर आणि टर्बो पाहावा.

सेन्सर की वायरिंग, हे मल्टिमीटर ठरवतो. कपलर काढून चावी ऑन केल्यावर ५ व्होल्टची वायर आणि अर्थ यांच्यात ५ व्होल्ट मिळालेच पाहिजेत. ते नसतील तर नवा सेन्सरही चालणार नाही. ते असतील तर कपलर पुन्हा लावून मागच्या बाजूने सिग्नल मोजावा आणि हातपंपाने दाब किंवा व्हॅक्यूम देऊन पाहावा. व्होल्टेज न अडखळता सरकले पाहिजे.

ऑइल प्रेशरच्या लाल दिव्याबाबत मात्र धोका उलटा असतो. तिथे दिवा लावणारा प्रेशर स्विच खराब समजून गाडी पुढे दामटली जाते आणि बेअरिंग जळतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा झिजलेल्या इंजिनात पातळ झालेले ऑइल दाब धरत नाही. गरम इंजिनाचा दिवा आयडलवर लुकलुकतो. अशा वेळी इंजिन आधी बंद करावे, डिपस्टिकवर पातळी पाहावी. नंतर स्विच काढून त्या जागी यांत्रिक गेज बसवावे आणि इंजिन गरम करून आकडा वाचावा. बऱ्याच गाड्यांत आयडलवर सुमारे १ बार आणि २,००० फेऱ्यांवर २ ते ४ बार मिळतात; नेमका आकडा कंपनीच्या पुस्तिकेतला धरावा. गेजवर दाब नीट असेल तरच स्विचला दोष द्यावा.

कॉमन रेलचा सेन्सर स्कॅनर आणि मल्टिमीटरनेच तपासावा. आयडललाच तिथे २५० ते ३५० बार दाब असतो. चालू इंजिनात पाइप सैल केला तर डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत शिरते, आणि अशी जखम लहान दिसली तरी ताबडतोब डॉक्टर गाठावा लागतो.

सेन्सर बदललाच, तर ओ-रिंग नवी घालावी, कोड पुसावा आणि स्कॅनर लावून गाडी भारासह चढावर चालवून पाहावी. उभ्या गाडीत लपलेला दोष तिथे उघडा पडतो.