कातायला यंत्र, वाहायला माणूस

निर्यातीच्या सुताचा एक कोन साधारण १.८९ किलोचा असतो. असे २४ कोन खोक्यात बसले की वजन भरतं ४५.३६ किलो, म्हणजे बरोबर १०० पौंड. इंग्रज गेले, पौंड गिरणीत राहिला. हे वजन पॅकिंग खात्यात कुणालाही पाठ असतं. पण त्या खोक्यातला कापूस तिथवर येताना किती वेळा भरला, ढकलला आणि उचलला गेला, असं विचारलं तर उत्तर चटकन मिळत नाही.

ढोबळ हिशेब मांडता येतो. २५ हजार चात्यांची सूतगिरणी तिशी काउंटचं (काउंट म्हणजे सुताच्या बारीकपणाचं माप) सूत काढत असेल, तर दिवसाला १५ टनांच्या आसपास माल निघतो. कार्डिंगमधून कापसाचा पेळू, म्हणजे गिरणीतला स्लायव्हर, निघतो आणि उंच कॅनमध्ये वेटोळी घालत साठतो. ड्रॉ फ्रेमवर असे सहा-आठ पेळू एकत्र ओढून त्यांचा एक होतो, तेही सहसा दोनदा. दुसऱ्या ड्रॉ फ्रेमच्या कॅनमध्ये बारा-पंधरा किलो माल मावतो. म्हणजे रोज हजार-अकराशे भरलेले कॅन सिम्प्लेक्सपर्यंत, म्हणजे पेळूचं बारीक रोव्हिंग करणाऱ्या यंत्रापर्यंत, ढकलायचे आणि तितकेच रिकामे मागे आणायचे. सिम्प्लेक्सवरून दोन-दोन किलोचे सात हजारांवर रोव्हिंग बॉबिन उतरतात. रिंग फ्रेमवर त्याचं सूत कातून पन्नासेक ग्रॅमचे तीन लाख कॉप, म्हणजे सुताच्या नळ्या, भरतात. शेवटी कोन होतात आठेक हजार.

या साखळीचं शेवटचं टोक बऱ्याच गिरण्यांत माणसाच्या हातून सुटलं आहे. भरलेले कॉप यंत्रच उतरवतं आणि रिंग फ्रेमला जोडलेल्या वाइंडिंग यंत्राकडे परस्पर पाठवतं. रोव्हिंगचे बॉबिन छताखालच्या रुळांना लटकून जातात. तुटलेला धागा जोडणं हे तर बोटांचं काम, पण त्यासाठीही स्वित्झर्लंडच्या रीटरने २०१९ मध्ये बार्सिलोनाच्या ‘इटमा’ प्रदर्शनात रोबो दाखवला. (याच कंपनीचा एक कारखाना आपल्या सातारा जिल्ह्यात शिरवळजवळ विंगला आहे.) मधला कॅन मात्र अजून बहुतेक ठिकाणी माणूसच ढकलतो. त्याला रूळ सोयीचे नाहीत. तो बोजड असतो, त्याच्या वाटा एकमेकींना छेदतात, आणि आज इथून तिथे जाणारा माल काउंट बदलला की उद्या दुसरीकडे जातो.

फिरत्या रोबोला जागा आहे ती इथे. चालकाशिवाय चालणारी गाडी तशी नवी नाही. अमेरिकेत बॅरेट इलेक्ट्रॉनिक्सने १९५३ च्या सुमारास तारेच्या मागावर चालणारी ओढगाडी बनवली होती. पुढे जमिनीवर चुंबकीय पट्टी चिकटवून गाड्या फिरू लागल्या, पण पट्टीवर कुणी ट्रॉली ठेवली की गाडी तिथेच उभी. आताचा रोबो लेझरने भोवतालचा नकाशा मनात बसवतो आणि अडथळा दिसला की वाट बदलतो. ड्रॉ फ्रेमवर कॅन भरत आला की यंत्राकडून निरोप जातो. बुटका, चपटा रोबो कॅनच्या ट्रॉलीखाली शिरतो, ती बोटभर उचलतो आणि सिम्प्लेक्सच्या मागे नेऊन ठेवतो. नव्या पेळूचं टोक जुन्याला जोडायला तिथे माणूस लागतोच.

विक्रेते यात किती मजूर वाचतील ते सांगतात. मला तो हिशेब लंगडा वाटतो. सुताच्या किमतीत निम्म्याहून जास्त वाटा कापसाचा, त्यानंतर विजेचा. मजुरीचा वाटा इतका थोडा की तेवढ्यावर आपल्याकडे रोबोचे पैसे लवकर वसूल होणं कठीण. खरा फायदा आहे तो टळणाऱ्या चुकीत. रातपाळीला पहाटे चारच्या सुमारास एका काउंटचा कॅन दुसऱ्याच्या रांगेत लागला, तर सूत वरवर बिनदोष निघतं. विणाईतही काही कळत नाही. कापड रंगवलं की आडवे पट्टे उमटतात आणि भरपाईचा दावा गिरणीवर येतो. म्हणून कॅनवर रंगीत पट्टे असतात, बॉबिनचे रंग ठरलेले असतात, पॅकिंगला कोन अतिनील दिव्याखाली धरून पाहतात. पण दिव्याखाली सापडलेली सरमिसळ घडून गेलेली असते. कॅनवर रेडिओ चिप असेल आणि तो नेणारा रोबो ती वाचत असेल, तर चुकीच्या यंत्रामागे तो कॅन लागणारच नाही. शिवाय बिघडलेला पेळू कुठल्या ड्रॉ फ्रेमचा, किती वाजताचा, हे मागे जाऊन शोधता येतं.

गोदामात सुरळीत चालणारा रोबो गिरणीत आला की मात्र गांगरतो. हवेत तंतू उडत असतात, ते लेझरच्या काचेवर बसतात आणि चाकांच्या आसाभोवती गुंडाळले जातात. कॅनच्या चाकांतला असा गुंता ब्लेडने कापून काढणं जुन्या कामगाराला नवं नाही. तेच काम आता देखभाल खात्याच्या वेळापत्रकात घालावं लागतं. रिंग फ्रेमवरून फिरणाऱ्या सफाई यंत्राच्या लांब सोंडा जमिनीपर्यंत लोंबतात. माणूस त्या चुकवून निघून जातो, रोबोला तो अडथळा वाटतो आणि तो थबकतो. गल्ल्याही अरुंद, त्यामुळे वळसा घ्यायला जागा नसते. म्हणून रिंग फ्रेमच्या गल्लीत त्याला न घालता ड्रॉ फ्रेम ते सिम्प्लेक्स हा मोकळा पट्टा आधी त्याच्याकडे द्यावा, हे शहाणपणाचं. दुसरी सोपी जागा पॅकिंगनंतरची. तिथे खोकी सारखी, वजन ठरलेलं, तंतू कमी.

आपल्या अनेक सहकारी सूतगिरण्यांपुढे आज रोबोपेक्षा वीजबिल मोठं आहे, त्यांना हे सारं चैनीचं वाटेल. पण कॅनवर चिप लावून तो ढकलणाऱ्याच्या हाती साधा स्कॅनर द्यायला रोबो लागत नाही, आणि सरमिसळ तेवढ्यानेही बरीच थांबते. रोबो घ्यायचाच झाला तर आधी फरशी करून घ्यावी. उखडलेल्या फरशीवरून माणूस कॅन जोर लावून पुढे रेटतो. रोबोची ट्रॉली तिथे डगमगते, कॅन हलतो आणि आतली वेटोळी विस्कटून पेळू पुढच्या यंत्रावर तुटतो.