ब्लॉगची कमाई आणि उघडी वही

तुळिंजला गाळा घ्यायचा तर आधी डिपॉझिट मोजावे लागते. ब्लॉगला गाळा लागत नाही, म्हणून तरुण तिकडे वळतात. गूगलची ॲडसेन्स योजना २००३ पासून आहे; जाहिरातीच्या उत्पन्नातील सुमारे ६८ टक्के वाटा लेखकाचा. पत्त्याच्या पडताळणीचा पिन टपालाने येतो (चाळीतल्या मंडळींनी खोली नंबर नीट लिहावा!) आणि १०० डॉलर जमल्याखेरीज रक्कम बँकेत येत नाही.

अमेरिकेतील पॅट फ्लिन यांनी २००८ पासून काही वर्षे दरमहा कमाई खर्चासह जाहीर केली. त्यातून कळले की मोठा हिस्सा जाहिरातींचा नव्हे, होस्टिंग कंपनीला गिऱ्हाईक मिळवून देण्याच्या दलालीचा होता. आमच्या मते खरी किंमत या तपशिलाची. कोर्सची फी मागणाऱ्याने कमाईचा आकडा दाखविला, तर वाचकांनी खर्चाचा रकानाही मागावा.