डोंगरातली शाळा आणि जॅकेटची तिजारत

हिवाळा तोंडावर आला की आपल्या बाजारपेठांत मऊ लव असलेली रंगीत जॅकेटे टांगलेली दिसू लागतात. दुकानदार त्या कापडाला फ्लीस म्हणतो, गिऱ्हाईक नुसते ‘थंडीचे जॅकेट’ म्हणते. छातीवर बहुधा कुठल्या तरी अमेरिकन कंपनीचे नाव शिवलेले असते आणि बहुतेक वेळा ते नकली असते. हे नाव मुळात कोणी, कशाच्या बळावर कमावले याची चौकशी आपले धंदेवाले सहसा करीत नाहीत. ती करण्याजोगी आहे. कारण हा व्यवसाय कुणा गिरणीमालकाने किंवा जाहिरातवाल्याने उभा केलेला नाही. पोरांना डोंगरात नेणारे मास्तर आणि एक लोहार यांनी तो उभा केला.

मुलांना तंबूत ठेवून शिकविण्याची कल्पना स्काउट चळवळीने जगभर नेली. बेडन-पॉवेल या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने ऑगस्ट १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचे पहिले शिबिर भरविले. परंतु आपल्या विषयाला खरी कलाटणी मिळाली ती दुसऱ्या महायुद्धात. कुर्ट हान हे जर्मनीतील यहुदी घराण्यात जन्मलेले शिक्षणतज्ज्ञ. हिटलरला विरोध केल्यामुळे १९३३ मध्ये त्यांना अटक झाली. सुटकेनंतर ते ब्रिटनला गेले आणि १९३४ मध्ये त्यांनी स्कॉटलंडमध्ये गॉर्डनस्टन ही शाळा काढली. युद्धात जर्मन पाणबुड्या ब्रिटिश व्यापारी जहाजे बुडवू लागल्या. (त्या काळी ब्रिटिश जहाजांवर आपल्या कोकणातले मुसलमान खलाशीही नोकरीला होते, हे जाता जाता सांगितले पाहिजे.) ब्लू फनेल या जहाज कंपनीचे लॉरेन्स होल्ट यांना असे दिसले की लाइफबोटीत वयस्क खलाशी तग धरून राहतात, आणि अंगाने धडधाकट असलेले तरुण मात्र आधी हिंमत हरतात. हान यांची तालीम आणि होल्ट यांचा पैसा एकत्र आला आणि १९४१ मध्ये वेल्समधील ॲबरडोव्ही येथे ‘आउटवर्ड बाउंड’ ही सुमारे महिनाभराच्या तालमीची शाळा सुरू झाली. बंदर सोडून निघालेल्या जहाजाला इंग्रज खलाशी आउटवर्ड बाउंड म्हणतात. त्यावरून हे नाव पडले.

हीच शाळा १९६२ मध्ये अमेरिकेत कोलोरॅडोला पोहोचली. तेथे मुख्य प्रशिक्षक म्हणून आलेले पॉल पेटझोल्ड हे मोठे अजब गृहस्थ होते. १९२४ मध्ये सोळाव्या वर्षी ते गुराख्याचे बूट घालून ग्रँड टेटन शिखरावर चढले, वादळात सापडले आणि थंडीने मरता मरता वाचले. पुढे १९३८ मध्ये काराकोरममधील केटू शिखरावर गेलेल्या अमेरिकन मोहिमेत ते होते. त्यांचे म्हणणे असे होते की मुलांना डोंगरात नेणारे मास्तर स्वतःच पुरते तयार नाहीत. म्हणून त्यांनी १९६५ मध्ये वायोमिंग राज्यातील लँडर या लहानशा गावी नॅशनल आउटडोअर लीडरशिप स्कूल काढली.

इथे कापडाचा प्रश्न आला. पहिल्याच मोसमात सुमारे शंभर मुले महिनाभर डोंगरात न्यायची होती, आणि सर्वांना पुरतील असे उबदार कपडे परवडणाऱ्या भावात तयार मिळत नव्हते. मुले घरून येत ती सुती कपड्यांत. आपण कापडवाले आहोत, आपल्याला सुताचा स्वभाव ठाऊक आहे. ते पाणी पिते, धरून ठेवते आणि सावकाश सुकते. आपल्या उन्हाळ्यात ही नेमत आहे, पण बर्फात भिजलेला सुती सदरा अंगातली ऊब ओढून घेतो आणि माणसाचा जीव घेऊ शकतो. लोकर भिजली तरी बरीच ऊब राखते. म्हणून पेटझोल्ड यांनी लष्कराचे उरलेले आणि वापरलेले लोकरी कपडे स्वस्तात उचलले आणि गावातल्या शिवणकाम करणाऱ्या बायकांकडून ते कापून, जोडून मुलांच्या मापाचे करून घेतले. पुढे याच गरजेतून त्यांनी कपडे, तंबू, झोपायच्या पिशव्या यांचा स्वतःचा कारखानाही काढला. जानेवारी १९७० मध्ये या शाळेवरचा चित्रपट अमेरिकन टेलिव्हिजनवर दाखविला गेला आणि प्रवेशासाठी झुंबड उडाली. शाळेतून परतलेला मुलगा लोकर, शिवण, चेन सगळे पारखूनच खरेदी करी. असे गिऱ्हाईक जाहिरातीने तयार होत नाही.

आता लोहाराकडे वळू. इव्हॉन शूइनार्ड हा कॅलिफोर्नियातील गिर्यारोहक. खडकाच्या फटीत ठोकायचे युरोपी खिळे मऊ लोखंडाचे असत, एकदा ठोकले की तेथेच सोडून द्यावे लागत. याने १९५७ मध्ये जुन्या बाजारातून कोळशाची भट्टी आणि ऐरण आणली, लोहारकाम स्वतःच शिकला आणि पुन्हा पुन्हा वापरता येईल असा पोलादी खिळा घडविला. किंमत दीड डॉलर, युरोपी खिळ्याच्या कितीतरी पट. तरी गिर्यारोहक घेत, कारण विकणारा स्वतः त्याच खिळ्याला लटकत असे. दुकान म्हणजे मोटारीची डिकी. १९७० च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये त्याने रग्बीचा जाड सदरा विकत घेतला. त्याची कॉलर मजबूत असल्यामुळे गळ्यात अडकविलेल्या अवजारांचा पट्टा मानेला कापत नसे. सोबत्यांनी विचारणा सुरू केली, याने इंग्लंडहून माल मागविला, आणि १९७३ मध्ये कपड्यांसाठी पॅटागोनिया हे नाव घेतले.

फ्लीसची हकीकत तर मालेगाव, भिवंडीच्या प्रत्येक मागवाल्याने ऐकावी. मॅसॅच्युसेट्समधील लॉरेन्स येथे माल्डन मिल्स नावाची गिरणी नकली फरचे कापड करीत असे. त्या कोटांची फॅशन गेली आणि गिरणी दिवाळ्यात निघाली. त्याच सुमारास पॅटागोनियाला, मच्छीमारांच्या लोकरी स्वेटरसारखे ऊब देणारे पण पाणी न धरणारे कापड हवे होते. ते माल्डनकडे मिळाले. मशिनरी भंगारात गेली नाही. पॉलिएस्टरचे विणलेले कापड बारीक काटेरी तारांच्या रुळांवरून फिरवून लव उचलायची आणि ती कातरून सारखी करायची, हा नकली फरचाच हुनर होता. तो कोटावरून जॅकेटावर आला. आधी एका बाजूने लव असलेले, गोळे येणारे कापड होते. सुधारत सुधारत १९८५ पर्यंत दोन्ही बाजूंनी मऊ असे सिंचिला तयार झाले. ११ डिसेंबर १९९५ रोजी ही गिरणी आगीत भस्म झाली, तेव्हा मालक ॲरन फ्युअरस्टीन यांनी काम बंद असतानाही काही महिने कामगारांचे पगार चालू ठेवले. त्या कर्जाच्या बोजाने गिरणी २००१ मध्ये पुन्हा दिवाळ्यात गेली, हेही खरे. हिशेबाच्या वहीत नेकीला वेगळा रकाना नसतो, पण त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते.

पुढचे सर्वांना माहीत आहे. डग्लस टॉम्पकिन्स यांनी १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत काढलेले नॉर्थ फेस नावाचे दुकान आज बड्या कंपनीच्या मालकीचे आहे. ही जॅकेटे घालणारे बहुतेक लोक डोंगर लांबूनच पाहतात. फ्लीस धुतल्यावर बारीक तंतू सुटून पाण्यात जातात, ही तक्रारही आता पुढे आली आहे. शूइनार्ड कुटुंबाने मात्र सप्टेंबर २०२२ मध्ये आपली कंपनी एक ट्रस्ट आणि एक बिगर-नफा संस्था यांच्या हवाली केली. धंद्यात न लागणारा नफा निसर्गरक्षणासाठी जाईल आणि वारसांना कंपनी विकता येणार नाही, अशी ही व्यवस्था आहे. आपल्याकडे वक्फ म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ती समजावून सांगायला नको.

आपला प्रश्न नकली लेबलाचा आहे. धाड पडते तेव्हा माल जप्त होतो, लेबल पुरविणारा सापडत नाही आणि शिवणाऱ्या कारागिराची मजुरी बुडते. वास्तविक गिऱ्हाईक दाराशी उभे आहे. दार्जिलिंगची गिर्यारोहण संस्था १९५४ मध्ये आणि उत्तरकाशीची १९६५ मध्ये निघाली. बंगळूरच्या वाइल्डक्राफ्टची सुरुवात ट्रेकिंग करणाऱ्या मंडळींनीच केली. पावसाळ्यात शनिवारी रात्री कसारा आणि कर्जतच्या गाड्या पाठीवर सॅक घेतलेल्या पोरापोरींनी भरलेल्या असतात. मदनपुऱ्यात आणि धारावीत पिशव्या शिवणारे आपले कारागीर आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याने सोमवारी त्या पोरांना नुसते विचारावे की सॅकचा पट्टा कोणत्या टाक्यावर उसवला आणि पाणी कोणत्या शिवणीतून आत आले.