गड्ड्याच्या यात्रेतून परिच्छेद

सोलापुरातल्या मुलांना परिच्छेद शिकवायचाय? सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा घ्या! पाच वाक्यं पट्ट्यांवर लिहून मिसळा: ६८ लिंगांना तैलाभिषेक, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होमविधी, शोभेचं दारूकाम आणि ‘मकरसंक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा भरते’. घटनांचा क्रम मुलांना पाठच असतो. पण विषय सांगणारं वाक्य सगळ्यांच्या आधी हवं, हे पट्ट्या हलवतानाच कळतं. ‘दुसऱ्या दिवशी’, ‘त्यानंतर’ हे जोडशब्द त्यांच्याकडूनच काढून घ्या.

मग सहावी पट्टी मुद्दाम घुसडा: ‘सोलापुरी चादर टिकाऊ असते.’ वाक्य खरं, पण इथलं नाही. कुणी ती बाजूला काढली की ‘का?’ विचाराच, माझ्या मते खरा धडा तिथेच आहे. आणि ती पट्टी टाकू नका, चादरीवरचा पुढचा परिच्छेद तिच्यापासूनच सुरू करायला सांगा.