डिकीतला ढोल, बॉनेटमधला फ्यूज

मे महिन्याची सुट्टी लागली की पसरणी घाटातून गाड्यांची रांगच्या रांग वर येते. त्यातल्या काही गाड्या दिसायच्या आधी छातीत वाजतात. धम्म, धम्म! गाणं कुठलं ते कळत नाही, नुसता ठोका येतो. पाचगणीला गाण्याचं वेड तसं जुनंच. १९५८च्या सुमारास इथल्या सेंट पीटर्स शाळेत फारुख बलसारा नावाच्या मुलाने मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला होता. पुढे तोच फ्रेडी मर्क्युरी. त्याला काही डिकीत वूफर लागला नव्हता!

पण आपल्याकडे आता लागतो. टुरिस्ट गाडी चालवणारा लेक एक दिवस म्हणतोच, "आई, फक्त एक डबा बसवायचाय डिकीत." गाडी कर्जाची, हप्ता घरातून जाणारा, आणि सीझनमध्ये त्याच गाडीवर चूल पेटणारी. त्यामुळे "यातलं आपल्याला काय कळतंय?" म्हणून गप्प बसू नका. मिक्सरचं कळतं ना? मग हेही कळेल.

घरातला ७५० वॅटचा मिक्सर २३० व्होल्टवर साधारण सव्वातीन अँपिअर करंट घेतो. गाडीची बॅटरी मात्र फक्त १२ व्होल्टची. तेवढेच ७५० वॅट तिच्याकडून घ्यायचे तर ६० अँपिअरच्या वर करंट लागतो. गिझरचा मोठा पॉइंट १६ अँपिअरचा असतो, म्हणजे जवळजवळ चार गिझर झाले! ठोका सलग वाजत नाही म्हणून सतत एवढा करंट जात नाही, पण वायर त्याच हिशेबाने जाड लागते. इथेच पैसे वाचवले जातात. स्वस्त वायर बाहेरून तांब्याची दिसते, पण आत अॅल्युमिनियम असतं. ब्लेडने एक तार खरवडायला सांगा. आतून पांढरं निघालं तर तेवढ्याच जाडीत ती कमी करंट पेलते आणि जास्त तापते.

आता खरा धोका. बहुतेक गाड्यांत बॅटरी पुढे बॉनेटखाली असते आणि अॅम्प्लिफायर मागे डिकीत. मधली प्लसची वायर पत्र्याच्या भोकातून आत येते आणि मॅटिंगखालून मागे जाते. भोकाला रबरी बुश नसेल तर घाटाची वळणं आणि खड्डे घेताना ती पत्र्याच्या धारेवर रोज घासते. एक दिवस वरचं प्लास्टिक फाटतं आणि तांबं पत्र्याला टेकतं. गाडीचा पत्रा म्हणजे मायनस. मग बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर सोडते, वायर लाल होते आणि शेजारच्या मॅटिंगला, सीटच्या फोमला आग लागते. हे सगळं थांबवतो तो फ्यूज, पण तो बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत असेल तरच. दुकानदार म्हणेल, "अहो ताई, अॅम्प्लिफायरला फ्यूज आहे की!" आहे ना, पण तो मागे डिकीत. मधल्या पाच मीटर वायरला त्याचा काय उपयोग? तेव्हा पैसे द्यायच्या आधी बॉनेट उघडून विचारा, "फ्यूज कुठे आहे दाखवा." उडालेल्या फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा अडकवणाऱ्याकडे तर पुन्हा जाऊच नका.

खोक्यावर छापलेल्या '१००० वॅट'ला भुलू नका. अॅम्प्लिफायरवरच्या फ्यूजचा आकडा बघा आणि १२ने गुणा. फ्यूज ३० अँपिअरचा असेल तर झाले ३६०. बॅटरीकडून जेमतेम चारशे वॅट घेणारं यंत्र स्पीकरला हजार वॅट कुठून देणार?

दोन वूफर लावायचे तर जोडणीचा प्रश्न येतो. ४ ओहमचे दोन वूफर प्लसला प्लस, मायनसला मायनस असे जोडले की अॅम्प्लिफायरला २ ओहम दिसतात. एकामागे एक जोडले तर ८. एका टाकीला दोन तोट्या लावल्या की पाणी जास्त सुटतं, तसंच ओहम कमी झाले की करंट जास्त सुटतो. अॅम्प्लिफायरच्या कागदावर किमान ४ ओहम लिहिलं असेल आणि जोडले २, तर तो तापतो, मध्येच बंद पडतो, कधी जळतोही. आणि एका वूफरच्या वायरी उलट लागल्या तर एक ढकलतो, दुसरा ओढतो, आणि आवाज फुसका येतो.

एक बारीक निळी वायरही असते, प्लेअर चालू झाला की अॅम्प्लिफायरला जागं करणारी. ती कायम चालू राहणाऱ्या प्लसला जोडली तर रात्रभर बॅटरी उतरते. पाचगणीच्या डिसेंबरच्या थंडीत, पहाटेचं भाडं दारात उभं असताना, गाडीच सुरू होत नाही!

असं सामान बाहेरून बसवलं तर विमा पॉलिसीत त्याची वेगळी नोंद करून थोडा जादा प्रीमियम भरावा लागतो, हेही लक्षात ठेवा. नाहीतर नुकसान झाल्यावर त्या सामानाचे पैसे मागता येत नाहीत.

राहिला आवाज. पाचगणी म्हणजे शाळाच शाळा, त्यात हॉस्टेलची लेकरं. खर्जाचा ठोका भिंती ओलांडून आत जातो, खिडक्या लावून थांबत नाही. २०००च्या ध्वनी प्रदूषण नियमांनुसार शाळा, रुग्णालयं यांच्याभोवती किमान १०० मीटरचं शांतता क्षेत्र ठरवता येतं. तिथली मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल. लेकाला एवढंच सांगा, बाजारात शिरताना बटण खाली.

गाडी घरी आली की अर्धा तास गाणी वाजवा, मग बंद करून फ्यूजच्या डबीला आणि डिकीतल्या मायनसच्या नटाला बाहेरून हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. चटका बसला तर जोड ढिला आहे. बॅटरीची मायनस वायर सोडवून ठेवा आणि फिटरला घरीच बोलवा.